रात्री दोनला तेच गाणं, परत परत

गोधडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचते आहे, आज लिहायची वेळ आली.

बहिणीचा मुलगा आमच्याकडे असतो. वय 22, बार्शीचा, राज्यसेवेची तयारी करतोय. गेल्या पूर्व परीक्षेत अगदी थोडक्यात राहिला. दिवसभर अभ्यासिकेत, रात्री अकराला घरी, झाकून ठेवलेलं ताट संपवतो आणि हॉलमधल्या दिवाणावर आडवा होतो. कानात ती पांढरी बोंडं.

महिन्यापूर्वी रात्री पाणी प्यायला उठले तर अंधारात मोबाइलचा उजेड. एक बोंड निसटून उशीवर पडलं होतं, त्यातून बारीक आवाज येत होता. हिंदी सिनेमातलंच गाणं, पण वेग इतका उतरवलेला की गायक गुंगीत गातोय असं वाटावं, आणि वर विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमारा. ‘स्लोड अँड रिव्हर्ब’ म्हणतात म्हणे याला. संपलं की पुन्हा पहिल्यापासून तेच. सकाळी विचारलं तर म्हणाला, “मावशी, त्याने झोप येते.” झोप कसली, डोळे टक्क उघडे होते पठ्ठ्याचे.

मग मी एक आगाऊपणा केला. चार दिवसांनी बोंडं उचलून कपाटात ठेवली. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मीच मुकाट्याने परत दिली.

आता विचारते. असल्या गाण्यांनी पोरं खचतात, की खचलेली पोरं असली गाणी शोधतात? आणि घरच्यांनी नेमकं करायचं काय? “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” हे उत्तर नको, ते आमच्या ह्यांच्याकडून मिळालंय.

वाचनमात्र

खुर्ची पकडून बसलो आहे. (आमच्याकडे 17 वर्षांची कन्या आणि रॅप.)

कॅसेटवाला

ताई, तरीही आमच्या वेळचंच सांगतो, पण जरा वेगळं.

रडकी गाणी आम्हीही पोटभर ऐकली. माझा प्रेमभंग 1983 चा, त्याला संपूर्ण तलत महमूद साक्षीदार आहे. पण ‘आपली आवड’वर तुमचं गाणं लागलं की साडेतीन मिनिटांत संपायचं, आणि निवेदिकाबाई लगेच सांगलीच्या कुणाच्या तरी फर्माइशीवरची लावणी लावायच्या. तुम्ही रडताय याच्याशी रेडिओला देणंघेणं नव्हतं. पुढे मित्राने दुबईहून वॉकमन आणला (सोनीने तो 1979 मध्ये काढला, आमच्या तालुक्यात पोचायला पाच वर्षं गेली), तरी तेच गाणं पुन्हा ऐकायचं तर फीत मागे न्यायला लागायची. कधी जास्त मागे जायची, भलतंच गाणं सुरू व्हायचं. सेल वाचवायला पेन्सिल घालून फिरवायचो. एवढ्या खटपटीत निम्मं दुःख उतरायचं.

आता ते गाणं थांबतच नाही. थांबवायचं तर माणसालाच बोट उचलावं लागतं, आणि तेवढंच त्याला जमत नसतं. माझ्या मते गाण्यापेक्षा हा बदल मोठा आहे.

पुरावा_दाखवा

कॅसेटवाले, स्मरणरंजन झकास, पण यातून सिद्ध काहीच होत नाही.

गाण्यांना आरोपी करायची खोड जुनी आहे. 1985 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये रॉक गाण्यांच्या शब्दांवर सुनावण्या झाल्या. 1990 मध्ये नेवाडातल्या रीनो शहरात जुडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला, दोन तरुणांच्या मृत्यूला रेकॉर्डमधले छुपे संदेश कारणीभूत आहेत म्हणून. न्यायाधीशांनी बँडला जबाबदार धरलं नाही.

आणि गाण्यांना वैद्य करायची खोडही तेवढीच वाईट. अमुक राग ऐका, रक्तदाब पळेल, तमुक राग ऐका, नैराश्य जाईल, असले ढकलसंदेश आमच्या सोसायटीच्या गटात रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट येतात. मोझार्टचं काय झालं ते आठवा. 1993 मध्ये ‘नेचर’मध्ये एक पानभर निबंध आला. 36 कॉलेजविद्यार्थी, दहा मिनिटं मोझार्ट, आणि त्यानंतर कागदाच्या घड्यांसारख्या कोड्यांत थोडे जास्त गुण, तेही दहा-पंधरा मिनिटंच टिकणारे. त्यात तान्ह्या बाळांचा उल्लेखसुद्धा नव्हता. पण 1998 मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायला 1 लाख 5 हजार डॉलर मागितले! पुढे अनेकांनी प्रयोग करून पाहिले, हाती फारसं लागलं नाही.

तेव्हा ताई, घाबरू नका आणि कुणाच्या राग-चिकित्सेच्या वर्गाला पैसेही भरू नका.

मनोगती

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे (गोळ्या लिहून न देणारी), कॉलेजवयाच्या मुलांबरोबर काम करते. गोधडीताई, तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींना खतपाणी घालतात.

उदास गाणं वाईट असतं हा पहिला गैरसमज. 2014 मध्ये तारुफी आणि कोएल्श या दोघांनी 772 जणांना विचारलं, उदास संगीत ऐकताना काय वाटतं? सर्वांत जास्त आलेलं उत्तर दुःख हे नव्हतं. आपल्याकडे त्याला सुरेख शब्द आहे, हुरहूर. जुन्या दिवसांची, गेलेल्या माणसांची. त्यात गोडवा असतो. बहुतेक मुलं अशा गाण्याला टेकून बसतात, रडतात, उठतात आणि वडापाव खायला जातात.

काही मुलं मात्र उठत नाहीत. एकच आठवण, एकच चूक जनावरासारखी रवंथ करत राहतात आणि गाणं त्या रवंथाला ठेका देतं. फिनलंडच्या सुवी सारिकॅलिओ यांनी आणखी दोघांबरोबर 2015 मध्ये 13 प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली, तरुण मुलं संगीताचा वापर कसा करतात ते बघायला. गंमत अशी की तिच्यात ‘कोणतं गाणं’ हा प्रश्नच नाही. प्रश्न साधारण असे आहेत: गाण्याने तुला हलकं वाटतं का? ऐकून अधिक वाईट वाटतं हे माहीत असूनही तू तेच परत लावतोस का? वाईट आठवणींत अडकायला होतं का? लोकांना टाळायला त्याचा उपयोग करतोस का?

म्हणून मी मुलांना एवढंच विचारते, “गाणं संपल्यावर दहा मिनिटांनी कसं असतं?” ऐकताना कसं वाटतं हे विचारण्यात अर्थ नाही, ऐकताना सगळ्यांनाच बरं वाटतं.

घरच्यांसाठी: बोंडं काढून घेऊ नका. कुबडी चुकीची असली तरी दुसरी हातात दिल्याशिवाय ती ओढायची नसते. आणि गाणं राहू द्या बाजूला, बाकीचं बघा. जेवण, झोप, अंघोळ, मित्र, चिडचिड. दोन आठवड्यांहून जास्त काळ सगळंच उतरणीला लागलं असेल, किंवा तो ‘मी नसलो तर बरं’ अशा धाटणीचं काही बोलला, तर थांबू नका. सरळ विचारा, आणि तज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416, चोवीस तास, फुकट. तुम्ही स्वतःसुद्धा फोन करून विचारू शकता.

पुरावा_दाखवा

मनोगती, प्रतिसाद आवडला. (हे मी क्वचित लिहितो, जपून ठेवा.)

अभ्यासिका_सात

मी तुमच्या भाच्याच्याच जातकुळीतला. लातूरकडचा, पुण्यात चौथं वर्ष. मोकळं बोलतो, मावशी म्हटलं तर चालेल ना?

मावशी, तुम्ही कपाटात बोंडं नाही ठेवली. तुम्ही त्याची खोली कपाटात ठेवली.

बघा, सकाळी सात ते रात्री साडेदहा तो एका टेबलाशी असतो. दोन फुटांवर दुसरा. डावीकडे बसलेला पाय हलवतो, मागचा पान उलटताना थुंकी लावतो, कुणाचा तरी पंख्यावरून वाद चाललेला असतो. घरी आला की हॉल. हॉलमध्ये टीव्ही, तुम्ही, काका, सकाळी दूधवाला. आम्ही चौघं दहा बाय दहात कॉट बेसिसवर राहतो. दार लावून एकटं बसायची सोय आम्हाला कानातच आहे.

आणि ‘झोप येते’ हे तो खोटं बोलला नसणार. येत नाही, पण यावी म्हणून लावतो. गाणं नसलं की डोक्यात कट-ऑफ सुरू होतो. तो प्रश्न बदलला नसता तर, त्या दोन उत्तरांवर गोल केला नसता तर. गाणं म्हणजे त्या आवाजावर टाकलेली चादर.

एक प्रश्न जाणकारांना. अभ्यासाच्या वेळीही मी लो-फाय (संथ, बहुधा बिनशब्दांचं संगीत) लावतो. त्याने लक्ष लागतं की आम्ही स्वतःला फसवतो?

मनोगती

‘खोली कपाटात ठेवली.’ हे मी माझ्या वहीत लिहून घेतलं.

अभ्यासाचं म्हणाल तर शब्द असलेलं गाणं वाचनाच्या आड येतं. 1989 मध्ये सालामे आणि बॅडली यांनी दाखवलं होतं की क्रमाने लक्षात ठेवायच्या कामात गायन जास्त अडथळा आणतं, नुसतं वाद्यसंगीत कमी. वाचताना आपण मनातल्या मनात बोलत असतो, आणि गायकही त्याच दारातून आत येतो. तेव्हा कलमं पाठ करताना गाणं नको, गणितं सोडवताना शब्दांविना चालेल, आणि समोरच्याची थुंकी ऐकू येण्यापेक्षा काहीही परवडलं.

झोपायच्या वेळी मात्र उलटंही होऊ शकतं. 2021 मध्ये मायकेल स्कलिन यांच्या प्रयोगात लोकप्रिय गाण्यांच्या शब्दाविना आवृत्त्या झोपण्याआधी ऐकवल्या, तर त्याच डोक्यात जास्त घोळत राहिल्या आणि झोप बिघडली. ओळखीचं गाणं अर्धवट ऐकवलं की मेंदू शब्द भरायला बसतो, असं त्यांना वाटतं.

टिपरू

सगळे ऐकण्यावर बोलताय, वाजवण्याचं कुणी बोलेल का?

पहिल्या लॉकडाऊननंतर माझी नोकरी गेली होती. वय 24. मीही असाच, खोलीत, दिवसरात्र हेडफोन. एका मैत्रिणीने ओढत ढोल-ताशा पथकाच्या सरावाला नेलं. नदीपात्रात, संध्याकाळी सहाला. पहिल्या दिवशी ढोल दिलाच नाही. जुन्या टायरवर टिपरू (ढोल वाजवायची काठी) मारायचं, एक-दोन, एक-दोन, तासभर. आठवड्याने ढोल कमरेला बांधला. तिसऱ्या दिवशी बोटांची सालं निघाली, चिकटपट्टी गुंडाळून वाजवलं. पहिला हात (वाजवायचा ठेका) चुकला की ताशेवाला मान वळवून असा बघायचा, वडिलांनी कधी बघितलं नाही तसं.

पण एक क्षण येतो हो. साठ ढोल एका थापेवर पडतात आणि आवाज कानाने येत नाही, बरगड्यांतून येतो. त्या क्षणी डोक्यात काही नसतं. ईएमआय नाही, ती मुलगी नाही, काही नाही. घरी जाऊन आडवा झालो की मेल्यासारखी झोप. ध्वज नाचवणाऱ्या पोरी, टोलवाला काका, सरावानंतरचा कटिंग, सगळं मिळून दोन महिन्यांत मी माणसात आलो. डॉक्टर न करता बरा झालेला मी आहे.

पुरावा_दाखवा

माणसात आलात याचा आनंद आहे. पण तो ढोलाने, व्यायामाने, मित्रांनी, की नुसत्या दोन महिन्यांनी? आणि ‘डॉक्टर न करता’ हे कृपया असं छातीठोक लिहू नका, कुणाच्या तरी घरात ते औषध बंद करायला पुरतं.

बाकी तुमच्या बाजूचं एक मीच देतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने 2015 मध्ये ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना नाचवून बघितलं. काही एकाच तालात, काही आपापल्या. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून वेदना कुठवर सोसतात ते मोजलं. एका तालात नाचलेल्यांची सहनशक्ती वाढली आणि एकमेकांबद्दल जवळीकही. अंगमेहनतीचा परिणाम वेगळा दिसला, तालाचा वेगळा.

टिपरू

मान्य, ते वाक्य मागे घेतो. मित्राला गोळ्या चालू होत्या आणि तोही वाजवायचा, दोन्ही चालतं. बाकी वाजवलेलं नसताना मोजणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

कानउघाडणी

कान-नाक-घसा डॉक्टर, नावावर जाऊ नका.

टिपरूभाऊ, वाजवा, पण कानात बोळे घालून वाजवा. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा हिशेब आहे. 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकलात तर चालेल. तोच 90 झाला की आठवड्याचे 4 तास. आवाजाचा आकडा 3 ने चढला की वेळ निम्मा. 12 ते 35 वयाच्या 1 अब्जाहून अधिक तरुणांचे कान धोक्यात आहेत असं तीच संघटना म्हणते.

हे मनाच्या धाग्यावर का लिहितोय? ओपीडीत विशी-बाविशीतली मुलं येतात, तक्रार एकच, “कानात कुईं वाजतं”. दिवसा जाणवत नाही, रात्री सगळं शांत झालं की जाणवतं. ते झाकायला मुलं पुन्हा हेडफोन लावतात. झोप जाते, घाबरायला होतं. भाच्याला एकदा विचारून बघा, गाणं बंद केल्यावर कानात काही ऐकू येतं का. आलं तर आधी कान तपासा.

कॅसेटवाला

पथकांवर 2024 मध्ये हरित लवादाने 30 जणांची मर्यादा घातली होती ना? आमच्या पेठेत तेव्हा पेढे वाटले होते काही जणांनी.

टिपरू

आणि गणपतीतच सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तेव्हा आम्ही वाटले. काका, तुमच्या घरी पेढा पाठवायचा राहिला.

वाचनमात्र

धागा मिरवणुकीच्या रांगेत अडकतोय. पुढे चला, पुढे चला.

खर्जातला

कोल्हापुरात गाणं शिकवतो, अडतीस वर्षं झाली. संगीत म्हणजे औषध असं सगळे गृहीत धरतात, म्हणून उलट बाजू सांगतो. संगीतानेच खचलेली मुलं मी दरवर्षी बघतो. प्रवेशिकेच्या परीक्षेआधी ओकणारी नऊ वर्षांची मुलगी. टीव्हीच्या स्पर्धेतून दुसऱ्या फेरीत बाहेर पडलेला आणि मग वर्षभर तोंडच न उघडलेला मुलगा, त्याचे वडील मला म्हणाले, “आता विशारद करून काय उपयोग?” त्या पोराचा गळा गेला नव्हता, गाणं गेलं होतं.

त्याला मी चार महिने एकही बंदिश दिली नाही. पहाटे यायचं, तानपुरा लावायचा, खर्जात ‘सा’ धरायचा. श्वास संपला की थांबायचं. परत. काही जिंकायचं नाही, कोणी ऐकायचं नाही. सुरुवातीला आवाज थरथरायचा, ‘सा’ दहा सेकंद टिकायचा नाही. पावसाळा संपता संपता पंचवीसपर्यंत गेला. एके दिवशी स्वतःहून म्हणाला, “सर, तोडी ऐकू या?”

राग-चिकित्सेवर पुरावाभाऊ बोलले ते मला पटतं. दरबारी ऐकून डोकं दुखायचं थांबत असतं तर माझं कधीच दुखलं नसतं, घरी विचारा. पण एका इटालियन डॉक्टरांचं, बेर्नार्डींचं, काम एका विद्यार्थ्याने मला वाचून दाखवलं होतं. 2006 चं. वेगवेगळं संगीत ऐकवून हृदयाचे ठोके नि श्वास मोजले. द्रुत संगीताने दोन्ही वाढले. आणि मध्येच दोन मिनिटं काहीच न वाजवता ठेवली होती, त्यात मंडळी सर्वांत निवांत झाली, सुरुवातीला होती त्याहूनही. मी अडतीस वर्षं ओरडून सांगतोय, दोन पलट्यांच्या (सरावाच्या स्वरांच्या ओळींच्या) मध्ये गप्प बसा. ताई, तुमच्या भाच्याच्या गाण्यात ती जागाच नाही. संपलं की लगेच सुरू.

अभ्यासिका_सात

सर, लूप काढून एकदा वाजून बंद होईल असं लावता येतं. टायमर असतो. मीच लावत नाही कारण बंद झाल्यावर जे येतं त्याची भीती वाटते. आज लावून बघतो.

मनोगती

सात, लावा. आणि भीती वाटली तर इथेच लिहा, नाहीतर वर दिलेला नंबर आहे. खरंच.

गोधडी (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, ‘सात’चा चारदा.

शिलाई मशीन मागच्या खोलीत होतं, ते हॉलमध्ये आणलं आणि ती खोली त्याला दिली. आठ बाय सात आहे, पण दार आहे. ह्यांनी कुरकुर केली, केलीच पाहिजे. पहिल्या रात्री दार लावून घेतलं पोराने आणि मी बाहेर कान लावून उभी, हे कबूल करते.

मग एका रविवारी दुपारी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, “एक बोंड मला दे, काय ऐकतोस ते ऐकू दे.” लाजला, मग दिलं. दिवाळीच्या फराळाला बसल्यासारखं शेजारी शेजारी बसून अख्खं गाणं ऐकलं. मला काही कळलं नाही, पण मी गप्प राहिले. संपल्यावर तोच बोलला. त्याचा अभ्यासाचा जोडीदार होता, पंढरपूरचा. दोघं रोज रात्री टपरीवर ते गाणं ऐकायचे, साध्या वेगात. त्याचं नाव यादीत आलं. तो ट्रेनिंगला गेला, पहिले काही दिवस फोन यायचे, मग नाही. “मावशी, त्याचा राग नाही आला मला. रागच येत नाहीये, तेच वाईट आहे.” एवढं एकदम बोललेला मी त्याला दहावीनंतर ऐकला नाही.

मनोगती, तुमचा दहा मिनिटांचा प्रश्न विचारला. बराच वेळ चहाचा कप फिरवत बसला, मग म्हणाला, “जड.” ‘मी नसलो तर’ हेही सरळ विचारलं, छातीत धडधडत होतं माझ्या. तसं काही मनात नाही म्हणाला. एका समुपदेशकाकडे दोनदा जाऊन आलाय, तिसऱ्यांदा जाईन म्हणतो. कानात कुईं नाही.

अगदी पालटलाय असं नाही. परवा रात्री दाराआडून पुन्हा तेच गाणं ऐकू आलं, म्हणजे बोंडांशिवाय लावलं होतं. दोनदा वाजलं. मग बंद झालं. मी वाट बघत उभी, तर थोड्या वेळाने घोरणं.

टिपरू, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. “मला गर्दी नको” म्हणाला. राहू दे. पण सरावाची जागा आणि वेळ कळवा. वय 51 चालतं का? मला यायचंय.

टिपरू

धावेल! नवीन लोकांचा सराव रविवारी सकाळी सातला, पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवतो. पाण्याची बाटली, चिकटपट्टी आणि कानाचे बोळे आणा, डॉक्टर वाचतायत. पहिल्या दिवशी ढोल मिळणार नाही. टायर मिळेल.